पंचगंगेकाठचे पोलंड

मिरजेहून कोल्हापूरकडे निघालेली पॅसेंजर रुकडी सोडते, पंचगंगेचा पूल ओलांडते आणि वळिवडे नावाच्या लहानशा स्टेशनावर थांबते. इथे उतरणारा माणूस बहुधा कापड घ्यायला आलेला असतो. स्टेशनाजवळचे गांधीनगर ही कापडाची मोठी घाऊक पेठ आहे आणि लग्नाचा बस्ता बांधायला लोक लांबलांबून तिथे येतात. दुकाने बरीचशी सिंधी व्यापाऱ्यांची. याच जागेवर १९४३ ते १९४८ या काळात पोलंड देशातली सुमारे पाच हजार माणसे राहत होती आणि त्यांत बायका-मुलांचा भरणा होता. त्यांचे चर्च होते, दवाखाना होता, पोस्ट होते, नाटके बसवायला रंगमंच होता. बालवाडीपासून विद्यापीठाच्या उंबरठ्यापर्यंत नेणाऱ्या शाळाही होत्या. भाषा पोलिश, पाठ्यपुस्तके पोलिश, शिक्षक पोलिश आणि दिवसाची सुरुवात कॅथलिक प्रार्थनेने.

युद्धाने घर हिरावलेल्या मुलांना परमुलखात शाळा मिळाल्याचे दाखले जगात बरेच आहेत. त्यांत वळिवड्याचा दाखला मला वेगळा वाटतो. यजमानांनी मुलांना आसरा दिला, जागा दिली आणि त्यांना आपल्या साच्यात बसवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. धर्म, भाषा, इतिहास, सणवार सगळे त्यांचे त्यांच्याकडे राहू दिले. त्यामुळे मुलांची शाळेची वर्षे वाया गेली नाहीत.

ही हकिगत भिलाईत सांगताना थोडे अवघडायला होते. आपल्याकडे रशियन म्हटले की कारखान्याचे सोबती आठवतात. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी झालेला १९५५ चा करार, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, सेक्टर सातचे रशियन कॉम्प्लेक्स, मैत्री बाग. ती मैत्री खरी होती आणि तिच्यावर या गावाची तीन पिढ्यांची भाकरी उभी आहे. पण त्या करारापूर्वी पंधरा वर्षे, स्टालिनच्या अमलात, त्याच देशाच्या राज्ययंत्रणेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसे गुरांच्या डब्यांतून उचलून नेली होती. कारखाना उभारायला आलेल्या इंजिनियरांच्या माथी हा दोष मारण्यात अर्थ नाही. मात्र वळिवड्याची मुले कुठून आली हे सांगायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पहिली मोठी धरपकड झाली. रात्री दारावर थाप पडायची, सामान बांधायला थोडा वेळ मिळायचा आणि अख्खे कुटुंब स्टेशनाकडे हाकले जायचे. अशा चार लाटा आल्या, शेवटची १९४१ च्या उन्हाळ्यात. एकूण किती माणसे नेली यावर इतिहासकारांचे एकमत नाही. सोव्हिएत दप्तरांवरून हिशेब मांडणारे तो सव्वातीन लाखांच्या आसपास नेतात, तर पोलिश परंपरेतला जुना अंदाज दहा लाखांच्या वर जातो. सैबेरियाची जंगले, उत्तरेचा अर्खांगेल्स्क, कझाकस्तानातली सामुदायिक शेते, अशा ठिकाणी त्यांना कामाला जुंपले गेले. भुकेने आणि टायफसने आईबाप गेले, मुले उरली.

मग जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच चाल केली आणि पारडे फिरले. कालचा शत्रू दोस्तांच्या बाजूला आला. ३० जुलै १९४१ ला लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारने मॉस्कोशी करार केला, कैद्यांना 'माफी' मिळाली (गुन्हा कोणता, हे कोणीच सांगितले नाही) आणि जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांनी सुटलेल्या पोलिश माणसांची फौज उभारायला घेतली. फौजेच्या मागे बायका-मुलेही दक्षिणेकडे सरकत राहिली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात जवळपास एक लाख पंधरा हजार माणसे उतरली. किनाऱ्यावरच त्यांचे डोके भादरले जाई, अंगावरचे उवांनी भरलेले कपडे जाळले जात आणि अंघोळ घालून नवे कपडे दिले जात. काही मुले अश्काबादहून खुष्कीच्या मार्गाने, मशहद आणि क्वेट्टा करत मालट्रकांतून थेट हिंदुस्थानात आली.

या मुलांना ठेवायचे कुठे? इराणने बऱ्याच जणांना सांभाळले. इस्फहानमध्ये कॉन्व्हेंटांत आणि मिशनच्या इमारतींत इतकी मुले राहिली की त्या शहराला 'पोलिश मुलांचे शहर' म्हणू लागले. काहींना आफ्रिकेत टांगानिका आणि युगांडात नेले. न्यूझीलंडने १९४४ मध्ये ७३३ मुलांना पाहियातुआ या गावी वसवले. त्याच लोंढ्यातली पोलिश ज्यू मुले १९४३ च्या आरंभी कराचीमार्गे सुएझला आणि तिथून पॅलेस्टाइनला गेली. हिंदुस्थानात पहिला हात पुढे केला तो नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी. जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी इथे त्यांनी मुलांची छावणी उभारून दिली. तोवर पहिली तुकडी मुंबईत वांद्र्याला राहिली होती. बालाचडीचा कारभार फादर फ्रान्सिशेक प्लुता या धर्मगुरूंकडे होता. जामसाहेबांनी मुलांना आपल्याला 'बापू' म्हणायला सांगितले. तिथली एक गोष्ट ती मुले म्हातारपणीही रंगवून सांगत. रोज पालक खाऊन कंटाळलेल्या मुलांनी एकदा जेवणावर बहिष्कार टाकला. जामसाहेबांच्या कानावर गेले आणि मुदपाकखान्यातून पालकाला कायमची रजा मिळाली.

पैसा कुठून आला, हे अशा गोष्टींत सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तर तोच भाग सर्वांत बोलका वाटतो. बालाचडीसाठी दिल्लीत 'पोलिश चिल्ड्रन्स फंड' नावाचा निधी उभा राहिला. त्याच्या कारभारात कॅप्टन वेब हे सरकारी निर्वासित अधिकारी होते, दिल्लीचे कॅथलिक आर्चबिशप होते आणि मुंबईतल्या पोलिश वकिलातीच्या प्रमुखांच्या पत्नी किरा बानासिन्स्का होत्या. संस्थानिकांनी आणि उद्योगपतींनी वर्गणी दिली. म्हणजे ख्रिस्ती मुलांच्या शाळेला हिंदू राजांचा आणि पारशी शेठांचा पैसा लागला. वळिवड्याचे गणित निराळे होते. ती छावणी मोठी, कुटुंबांची, आणि तिचा खर्च पोलंडच्या परागंदा सरकारच्या नावावर, ब्रिटिशांनी दिलेल्या उधारीवर चालायचा. कोल्हापूर संस्थानाने जागा दिली. तेव्हा राजाराम महाराजांचे निधन झालेले होते, गादीवर दत्तक घेतलेले अल्पवयीन शिवाजी महाराज होते आणि कारभार रीजन्सीच्या हाती होता. शिवाय अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९४३ मध्ये वॉर रिलीफ सर्व्हिसेस ही संस्था काढली, तिच्या आरंभीच्या कामांत जगभर विखुरलेल्या पोलिश निर्वासितांची मदत होती. आजची कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ती हीच.

वळिवड्याला पहिली माणसे १९४३ च्या जून-जुलैत पोचली, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. कोल्हापूरची हवा निवडली ती मुद्दामच. सैबेरियाने पिचलेल्या अंगांना कराचीचा उन्हाळा सोसला नसता. लांबच लांब बराकींच्या रांगा, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी आणि मधे आडभिंती घालून केलेल्या कुटुंबागणिक खोल्या. भिंत अशी की शेजारच्या खोलीतली कुजबुजही ऐकू यावी. तरी दोन वर्षे लाकडी फळ्यांवर शेकड्यांनी झोपलेल्या बायकांना स्वतःचे दार मिळाले होते, आणि त्यांनी बराकींसमोर फुलझाडे लावली. छावणीचे प्रमुख कॅप्टन व्लादिस्लाव यागिएल्लोविच. भाजीवाले, दूधवाले, शिंपी आसपासच्या गावांतून यायचे. भाव करता करता त्यांना कामापुरते पोलिश यायला लागले, तर पोलिश पोरांना मराठी.

आता शाळेकडे येऊ. पोलंडमधली युद्धापूर्वीची शिक्षणपद्धती १९३२ च्या सुधारणेने बसवलेली होती. आधी प्राथमिक शाळा, मग चार वर्षांचे गिम्नाझियम, त्यानंतर दोन वर्षांचे लिसियम आणि शेवटी 'मातुरा' ही परीक्षा, जिच्याशिवाय विद्यापीठाचे दार उघडत नसे. ही अख्खी शिडी वळिवड्यात जशीच्या तशी उभी केली गेली. अडचण दोन प्रकारची होती. पहिली शिक्षकांची. पोलंडच्या शिकलेल्या वर्गावर तर दोन्हीकडून घाला पडला होता. तरी हद्दपार झालेल्यांत शिक्षिका होत्या, अधिकाऱ्यांच्या आणि वकिलांच्या बायका होत्या, धर्मगुरू होते. ज्याला जे येत होते ते तो शिकवू लागला. दुसरी अडचण विद्यार्थ्यांची. बारा वर्षांच्या मुलाची तीन वर्षे बुडालेली. काहींना फक्त रशियन अक्षरे येत होती, तर काहींना अक्षरओळखच नव्हती. मोठी मुले लहानांच्या वर्गात बसली आणि वर्ष भरून काढायला दुप्पट अभ्यास केला.

आणि पुस्तके? त्यांचा प्रवास तर मुलांइतकाच लांबचा. पोलंडमधले छापखाने जर्मनांच्या ताब्यात होते आणि त्यांच्या अमलाखालच्या भागात पोलिश मुलांना माध्यमिक शिक्षणाची बंदी होती. म्हणून परागंदा सरकारने पोलिश पाठ्यपुस्तके जेरुसलेममध्ये छापून घेतली. युद्धकाळातल्या कागदावर छापलेली ती वाचने, व्याकरणे आणि इतिहास तिथून इराण, आफ्रिका आणि हिंदुस्थानातल्या छावण्यांत जात. जेरुसलेमला छापलेल्या पोलिश पुस्तकातून विस्तुला नदीचा धडा पंचगंगेकाठी गिरवला जात होता, आणि त्याच वेळी खुद्द वॉर्सात तो धडा शिकवणे गुन्हा होता. पोलंडमधले शिक्षक चोरून घरोघरी वर्ग घेत होते, वळिवड्यात ते उघड्या खिडक्यांनी चालले होते.

शाळा ख्रिस्ती होती म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवे. आपल्याकडे 'ख्रिस्ती शाळा' म्हटले की मिशनऱ्यांनी स्थानिक मुलांसाठी काढलेली शाळा डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात अशी परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुलींना मुक्ती सदनात आसरा आणि शिक्षण दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. वळिवड्याची शाळा या जातकुळीतली नव्हे. तिथे धर्म शिकवायला बाहेरचे कोणी आले नव्हते, धर्म मुलांबरोबरच आला होता. सैबेरियात उघड प्रार्थनेवर डोळा असे, त्यामुळे क्रूस आणि मेरीमातेच्या तसबिरी लपवून ठेवाव्या लागल्या होत्या. वळिवड्यात प्रथम कम्युनियनचे पांढरे कपडे शिवले गेले. नाताळच्या आदल्या रात्री पोलिश घरात एक पातळ वेफर सगळ्यांनी तुकडे करून एकमेकांना द्यायचा रिवाज असतो आणि अनपेक्षित पाहुण्यासाठी एक जास्तीचे पान मांडतात. ज्या घरांतले वडील आघाडीवर होते किंवा कुठे पुरले गेले हेही ठाऊक नव्हते, तिथे ते पान कोणाचे हे मुलांना सांगावे लागत नसणार. छावणीत शेकडो अनाथ मुलांचे स्वतंत्र वसतिगृह होते. धर्मशिक्षणाचा तास त्यांना किती धीर देत असेल याचे मोजमाप कोणाजवळ नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत मात्र शाळा आणि चर्च ही दोन ठिकाणे घरासारखी येतात.

शाळेइतकेच वजन बालवीर पथकांना होते. त्यांचे नेतृत्व काही काळ ज्दिस्लाव पेश्कोव्स्की यांच्याकडे होते. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व नागरिक गोळ्या घालून मारले. त्यातून जे थोडे युद्धकैदी वाचले त्यांतले हे एक. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनच्या मृतांच्या कुटुंबांसाठी आयुष्यभर झटले. अशा माणसाने कोल्हापूरच्या माळावर पोरांना शेकोटीभोवती बसवून गाणी शिकवली! दुसरी तितकीच नवलाची व्यक्ती म्हणजे वांदा दिनोव्स्का. ही पोलिश थिऑसॉफिस्ट बाई युद्धापूर्वीच हिंदुस्थानात येऊन उमादेवी झाली होती. वळिवड्यातल्या मुलांना तिने भारताची ओळख करून दिली आणि पुढे धरमशाळेत तिबेटी निर्वासित मुलांसाठी काम केले. एका विस्थापित पिढीसाठी शिकलेले काम असे दुसऱ्या पिढीच्या कामी आले.

कोल्हापूरला हे सगळे फार परके वाटले नसावे, असे मला वाटते. विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून हे शहर ओळखले जाते. १९०१ पासून शाहू महाराजांनी जातीजातींच्या, धर्माधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करून दिली होती. पोरांना आपल्या माणसांत राहू द्या पण शिकवा, ही तिथली जुनी रीत. छावणी ब्रिटिशांनी आणली हे खरे, तरी शेजाराने तिला आपलेसे केले. एक पोलिश मुलगी तर कोल्हापूरकरांची सून होऊन इथेच राहिली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. १९४३ हेच बंगालच्या दुष्काळाचे साल. तीस लाखांच्या आसपास माणसे त्यात गेली असे मानले जाते. त्याच ब्रिटिश सरकारच्या अमलाखाली, त्याच वर्षी. वळिवड्यापासून काही कोसांवर, सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार ब्रिटिशांशी झुंजत होते. मित्रराष्ट्राच्या नागरिकांसाठी उधारी निघते आणि स्वतःच्या प्रजेसाठी धान्याच्या बोटी निघत नाहीत, हे साम्राज्याचे माप होते. म्हणून वळिवड्याचे कौतुक करताना लंडनच्या औदार्याचे गोडवे गायचे कारण नाही. कौतुक करायचे ते शिक्षिकांचे, शेजाऱ्यांचे आणि वर्गणीदारांचे.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि या मुलांवर दुसरे संकट आले. याल्टा परिषदेनंतर त्यांची गावे सोव्हिएत संघात गेली आणि जुलैत ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वॉर्सातल्या नव्या कम्युनिस्ट सरकारला मुले परत हवी होती. बालाचडीच्या अनाथ मुलांना जबरीने पाठवले जाऊ नये म्हणून जामसाहेब आणि फादर प्लुता यांनी त्यांना कायदेशीर दत्तक घेतल्याचे कागद केले, अशी हकिगत आहे. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि उरलेली मुले वळिवड्याला आली. १९४८ पर्यंत वळिवडेही रिकामे झाले. कोणी पोलंडला परतले, बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडात पांगले. जाताना त्यांच्याजवळ शाळेचे दाखले होते आणि पुढे त्यांतून डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक झाले.

रिकाम्या बराकींना फार वाट पाहावी लागली नाही. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे त्यांत आणून वसवली आणि वसाहतीचे नाव गांधीनगर झाले. तट्ट्यांच्या भिंतींमागे आता दुसरी भाषा, दुसरे देव, पण शाळेसाठी तीच धडपड. आज तिथे बराकी शोधायला गेलात तर खुणा फार थोड्या सापडतील. त्या जागी दुकाने चढली आहेत.

छत्तीसगडला विस्थापितांच्या छावण्या नव्या नाहीत. पूर्व बंगालमधून आलेल्यांचा रायपूरजवळचा माना कॅम्प इथल्या जुन्या माणसांना आठवतो. २००५ नंतर बस्तरात सलवा जुडुम आणि नक्षल यांच्या कैचीत गावेच्या गावे उठली, शाळांच्या इमारती पडल्या, आणि बिजापूर, सुकमा, दंतेवाड्यात बांबूच्या 'पोटा केबिन' निवासी शाळा सुरू झाल्या. २०११ मध्ये सलवा जुडुमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षा दलांना शाळा रिकाम्या करायला बजावले. सीमा ओलांडून तेलंगणात गेलेल्या गुत्ती कोया कुटुंबांच्या मुलांपुढे मात्र तेलुगू माध्यमाची शाळा आली. घरची भाषा वर्गात नाही आणि वर्गातली भाषा घरी नाही, मग मूल शाळा सोडते. वळिवड्यात भिंती त्याच बांबूच्या होत्या, फरक आतल्या भाषेत आणि शिक्षकात होता. विस्थापित मुलांच्या शाळेसाठी पैसे देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती चर्चची असो, सरकारची असो की कारखान्याची, पहिला प्रश्न इमारतीचा न विचारता हा विचारावा: मुलांच्याच माणसांतले कोण शिकवणार आहे?

पोलंडने या ऋणाची नोंद ठेवली आहे. वॉर्सात एक चौक 'भल्या महाराजां'च्या नावाचा आहे आणि एका शाळेला जामसाहेबांचे नाव आहे. कोल्हापूरच्या नावाचे स्मारक तिथे २०१७ मध्ये उभे राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी त्या चौकात आणि या स्मारकावर फुले वाहिली, तेव्हा टीव्हीवर 'कोल्हापूर' हे नाव ऐकून आपल्याकडेही बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे आणि इथेच वारलेल्यांच्या कबरी शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. भिलाईकरांना अंबाबाईच्या दर्शनाला जायचे तर गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापूरला नेते. दर्शन आणि मिसळ झाली की तासभर वेळ काढून महावीर उद्यानात जा, आणि बरोबर शाळकरी मुले असतील तर त्यांनाही न्या.